साखऱ्याच्या तांड्यावर तांबडा समुद्र

मी उरणला राहतो. गच्चीवर गेलं की समोर समुद्र आणि त्यात नांगर टाकून उभी असलेली मालाची जहाजं दिसतात. पण ती बघायला कुणी गच्चीवर जात नाही. आमच्याकडे गच्ची पापड वाळवायला असते. बंदराच्या कचेरीत मी जन्म काढला, आलेल्या-गेलेल्या मालाची कागदपत्रं तपासली, आणि निवृत्तीनंतर घरात सगळ्यांच्या पायात यायला लागलो तसा एका साप्ताहिकात जहाजांबद्दल लिहू लागलो. संपादकांनी फोटो मागितला. माझ्याकडे धड फोटो एकच होता, कचेरीच्या क्रिकेट सामन्यातला, पांढरा शर्ट आणि पांढरी टोपी घातलेला. त्यांनी हौसेनं शेजारी सुकाणूचं चित्र टाकलं. त्या टोपीनं मला हिंगोली जिल्ह्यात नेलं आणि तिथं माझं पितळ उघडं पाडलं, त्याची ही हकीकत.

झालं असं, की तांबड्या समुद्रात आणि एडनच्या आखातात मित्रराष्ट्रांच्या नौदलांनी पहारा किती वाढवला आहे, यावर मी ओळीनं पाच-सहा लेख लिहिले. पूर्वी ही लढाऊ जहाजं चाच्यांपुरती तिकडे यायची आणि परत जायची. मग त्या पाण्यावरून क्षेपणास्त्रं आणि ड्रोन उडायला लागले, मालाची जहाजं पेटायला लागली, आणि आलेले पाहुणे मुक्कामालाच राहिले. युरोपातले, अमेरिकेचे, जपानचे, आणि आपलेही. कुणी बंदरात जागा घेतली, कुणी विमानं आणून ठेवली, कुणी एकमेकांबरोबर सराव सुरू केले. मी हे सगळं रंगवून लिहिलं आणि शेवटच्या लेखाचा शेवट असा केला: ‘आता या वाटेनं जाणाऱ्या खलाशाच्या आईनं निर्धास्त झोपावं.’ वाक्य मला इतकं आवडलं की बायकोला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाताना लाँचमध्ये तुम्ही डोळे मिटून लिंबू हुंगता, ते पण लिहा.”

आठवड्याभरानं फोन आला.

“कप्तानसाहेब बोलून राहिले का?”

मी म्हणालो, “बोलतोय.”

एवढा एकच शब्द. पलीकडचे गृहस्थ मोहन राठोड, सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याजवळच्या तांड्यावरचे शेतकरी. त्यांची मुलगी मालवाहू जहाजावर थर्ड ऑफिसर. कंपनीनं पुन्हा त्याच वाटेच्या जहाजावर बोलावलं होतं आणि सोबत एक कागद पाठवला होता. धोक्याच्या पाण्यात जायला तयार आहात की नाही, ते लिहून सही करून पाठवायचं. नाही म्हणायचा हक्क खलाशाला असतो.

“तुमी लिवलं, आईनं निर्धास्त झोपावं,” मोहनराव म्हणाले. “हिची आई मागच्या खेपेपासून झोपली न्हाई. माझा जीव म्हनतो, न्हाई लिव म्हनावं. पोरगी म्हनते, व्हय लिवते. तुमी एकदा या साहेब, तिच्या आईम्होरं बसून बोला. तुमी व्हय म्हनलं तर पाठवतो.”

अंगावर मूठभर मांस चढलं. मी जायचं ठरवलं.

कळमनुरी

नांदेडपर्यंतच्या रेल्वेबद्दल सांगण्यासारखं काही नाही. नांदेडहून हिंगोलीच्या एस.टी.त बसलो तेव्हा माझ्या पिशवीत दोन किलो सोडे होते. सोडे म्हणजे वाळवलेली कोळंबी. आमच्याकडे पाहुण्याला यापेक्षा मोठा मान नाही. पण जानेवारीचं ऊन तापलं तसा मान गाडीभर पसरला. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता दोनदा बाकाखाली वाकून पाहिलं. शेजारच्या बाई खिडकीकडे सरकत गेल्या आणि शेवटी उठून उभ्या राहिल्या. मी नाक वर करून बाहेरची हळदीची शेतं बघत राहिलो. पानं पिवळी पडून आडवी झाली होती, काढणी तोंडावर आली होती.

कळमनुरीला गाडी गरम झाली म्हणून थांबली. बाजाराचा दिवस होता. आमच्या बाजारात कोळिणी गिऱ्हाइकाला हाक मारून बोलावतात आणि भाव केला की अंगावर येतात. इथं बाया हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचे ढीग लावून शांत बसल्या होत्या. भाव विचारला तर सांगत, नाही घेतलं तर काही म्हणत नसत. मला त्या शांततेचीच भीती वाटली आणि मी दोन जुड्या घेतल्या. चहाच्या टपरीवर सेनगावचे एक फेटेवाले गृहस्थ होते. कुठं निघालात, म्हणाले. सांगितल्यावर त्यांनी कपबशी खाली ठेवली.

“म्हंजे जहाजवाल्या पोरीकडं? तुमीच ते कप्तान?”

माझ्या आसपास पाच-सहा जण जमले. मी म्हणालो, “तसं काही नाही हो.” हे वाक्य आपल्याकडे विनयानं होय म्हणण्यासाठीच वापरतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. फेटेवाल्यांनी माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली, आणि सोड्यांचा वास येऊनही उतरवली नाही, म्हणाले, “समुद्राचा वास हाय.”

तांडा

साखऱ्यापासून तांडा चालत अर्ध्या तासावर. वाटेवर तूर कापून उभ्या केलेल्या पेंढ्या आणि लांबवर नुसती उघडी जमीन, इतकी की आमच्या डोळ्यांना मधे कुठंतरी पाणी हवंसं वाटतं. लमाणांच्या या वस्तीत आता पक्की घरं आहेत, दारात मोटारसायकली आहेत. आरशांची कांचळी, म्हणजे चोळी, घालणाऱ्या दोन-तीनच म्हाताऱ्या उरल्या आहेत. पूर्वी हे लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामागून मुलूख फिरायचे. आता सोयाबीन आणि हरभरा करतात.

घरात शिरलो आणि समोरच्या भिंतीवर शाळेतला जगाचा नकाशा दिसला. त्यावर कुंकवाचे ठिपके होते. मुंबईपासून निघून ओमानच्या खालून, आफ्रिकेच्या शिंगाजवळून, इजिप्तपर्यंत. मोहनरावांच्या पत्नी केसरबाई लिहायला-वाचायला शिकल्या नाहीत. मुलीचा फोन आला की ती सांगे, याडी, आता या खाडीच्या वर बोट ठेव, दोन बोटं डावीकडं. आणि त्या तिथं कुंकू लावत. याडी म्हणजे आई. ठिपके असे ओळीनं जात होते. फक्त तांबड्या समुद्राच्या तोंडाशी एक ठिपका होता आणि मग एकदम वर, सुएझजवळ. मधे मोकळं.

“हितं चार दिवस फोन न्हाई,” केसरबाईंनी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. “ही म्हनते नेटवर्क नव्हतं. मी चार दिवस चूल पेटवली न्हाई. शेजारनीनं खाऊ घातलं.”

ही म्हणजे अंजू. पंचविशीची, सडसडीत, केस मानेपर्यंत कापलेले. माझ्या पाया पडली, मग टोपीविना माझं डोकं निरखून पाहिलं. “सर, तुम्ही कोणत्या जहाजावर होतात?”

“बऱ्याच,” मी म्हणालो. खोटं नव्हतं. बऱ्याच जहाजांच्या कागदांवर माझी सही आहे.

मग मी खिशातून पेन्सिल काढली आणि नकाशावर माझी नौदलं मांडायला लागलो. इथं युरोपची गस्त, इथं अमेरिकेची, इथून आपल्या जहाजांची. रेघा ओढत गेलो. खोलीत माणसं दाटीवाटीनं बसून ऐकत होती. केसरबाई मधेच उठल्या आणि मोकळ्या जागेवर हात ठेवून म्हणाल्या, “साहेब, हितं पेन्सिल नका लावू.” मी पेन्सिल खिशात टाकली.

जेवायला गरम भाकरी, त्यांच्या बोलीत बाटी. जवसाची चटणी, ठेचा, आणि मी आणलेल्या हरभऱ्याच्या पाल्याची भाजी. सोड्यांचं काय करायचं हे केसरबाईंना माहीत नव्हतं, मी सांगायला गेलो तर त्यांनी मला चुलीपाशी येऊ दिलं नाही. पाहुण्यानं चुलीकडं यायचं नसतं. त्यांनी सोडे तव्यावर भाजले, पाट्यावर हिरव्या मिरचीबरोबर वाटले आणि सोड्यांचा ठेचा केला. उरणात असं कुणी केलं तर त्याला वाळीत टाकतील. मी तीन भाकरी खाल्ल्या.

अंजूचे आजोबा धर्मा नाईक भिंतीला टेकून हे सगळं बघत होते. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात आणि ते सगळ्यांना एकेरीच हाक मारतात, मलाही. “परवा सकाळी लिंबाखाली बसू,” ते म्हणाले. “तांडा बसंल. तू सांग. आमी ऐकू.”

मी पडल्या पडल्या स्वतःशी म्हटलं, उद्या सकाळी मोहनरावांना एकट्याला गाठून खरं सांगून टाकू. सकाळी त्यांनी शेतात हुरडा मांडला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजून, तळहातावर मळून, फुंकर मारून कोवळे दाणे माझ्या ओंजळीत घालत होते, आणि घालताना दर वेळी म्हणत होते, “घ्या कप्तानसाहेब.” तोंड हुरड्यानं भरलेलं असताना माणूस कबुली कशी देणार?

सिद्धेश्वर

दुपारी अंजू म्हणाली, सरांना सिद्धेश्वर दाखवून आणू. धरणाजवळ तिची मावशी राहते. तिथं सुट्टीत जायची, तिथं पहिल्यांदा एवढं पाणी पाहिलं. शेजाऱ्याच्या जीपमधून बाप-लेक आणि मी असे निघालो.

धरण सुंदर आहे. पूर्णेचं पाणी अडवून केलेला तो निळा पसारा, कडेला हिरवा गहू, आणि मधे मासेमारांच्या लहान होड्या. मी काठावर उभा राहून खूश झालो. काठावर उभं राहिलं की मी नेहमीच खूश असतो. पण अंजूच्या ओळखीचा मासेमार होडी घेऊन आला आणि मोहनराव म्हणाले, “बसा साहेब. तुमाला काय, हे डबकंच.”

बसलो. पाणी इतकं शांत होतं की आमच्या घरची बादली जास्त हलत असेल. तरी काठ सुटला आणि पोटात काहीतरी फिरलं. मी आभाळाकडे पाहिलं. आभाळ फिरलं. मी पाण्याकडे पाहिलं. मग सकाळचा सगळा हुरडा मी सिद्धेश्वरच्या धरणाला अर्पण केला.

मोहनराव होडीच्या दुसऱ्या टोकाला मासेमाराशी रोहूचा भाव करत होते, त्यांनी पाहिलं नाही. अंजूनं पाहिलं. तिनं रुमाल पुढे केला आणि हळूच म्हणाली, “सर, तुम्ही जहाजावर कधी गेलाच नाही ना?”

“तुला कसं कळलं?”

“उलटी कुणालाही होते. आमच्या चीफ ऑफिसरला अजून होते. पण वाऱ्याच्या बाजूला तोंड करून जहाजावरचं कुणी ओकत नाही.”

माझा शर्ट तिच्या म्हणण्याला साक्ष होता. मी तिच्याच रुमालानं तो पुसायला लागलो.

“मोहनरावांना सांगू नकोस,” मी म्हणालो.

“मी न्हाई सांगत,” ती म्हणाली. इतका वेळ माझ्याशी पुस्तकी बोलणारी ती पहिल्यांदाच घरच्या भाषेत आली. “मला तर तुम्ही हो म्हणालेलं पायजे. तुम्ही उद्या हो म्हणाले, की आबा सही करू देतील. पण काका, तुमच्या खोट्यावर मी गेले आन् मला काही झालं, तर आबा जल्मभर सोताला दोष देतील. तुम्हाला न्हाई, सोताला. ते बघा तुम्ही.”

सरांचा काका झाला तो तिथं, वाऱ्याच्या चुकीच्या बाजूला.

लिंबाखाली

तिसऱ्या दिवशी सकाळी लिंबाच्या पारावर सतरंजी टाकली होती. पन्नासेक माणसं बसली होती, बायाही होत्या. मला हार घातला. कुणीतरी फळ्यावर खडूनं ‘कप्तानसाहेबांचे स्वागत’ असं लिहून शेजारी जहाज काढलं होतं. अंजूच्या मांडीवर कंपनीचा कागद. दुसऱ्या दिवशी उत्तर पाठवायचं होतं.

“बोला,” मोहनराव म्हणाले. केसरबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

मी उठलो. नौदलांची नावं, गस्तीचे पट्टे, सगळं पाठ होतं. पण केसरबाईंचं ते बोट आठवलं, नकाशाच्या मोकळ्या जागेवरचं.

“मी कप्तान नाही,” मी म्हणालो. “मी बंदरात कारकून होतो. फोटोतली टोपी क्रिकेटची आहे. मी मोऱ्याच्या लाँचपुढे कधी गेलो नाही, आणि काल धरणात मला ओकारी झाली. जे लिहिलं ते वाचून लिहिलं. तिथं खरंच तेवढी जहाजं आहेत. पण आईनं निर्धास्त झोपावं, हे मी मनचं लिहिलं. ते मला माहीत नव्हतं.”

मोहनरावांचा चेहरा हळूहळू लाल झाला. “तुमच्या एका वाक्यावर मी लेकरू पाठवून राहिलो होतो,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. “काहून लिवलं असं?”

“वाक्य छान वाटलं म्हणून,” मी म्हणालो. खरं उत्तर तेच होतं.

धर्मा नाईकांनी काठी आपटली. “थांब मोहन. त्याचा निवाडा मंग. आदी मला सांग,” ते माझ्याकडे वळले, “ती लढाईची जहाजं कुनाची हायेत? हिच्या जहाजाची?”

“नाही. देशोदेशीची.”

“आन् तिथं लढून कोन राहिलं? त्यांच्याशी त्या देशांचं भांडन हाय का न्हाई?”

“काहींचं आहे,” मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि गोष्ट सांगितली. त्यांच्या आजाच्या आजाची. दोन फौजा समोरासमोर असल्या तरी धान्याचा तांडा मधून जायचा. दोघांनाही दाणा पाहिजे, म्हणून कुणी हात लावत नसे. पुढच्या बैलाच्या गळ्यात मोठी घंटी, शिंगांना पितळ. लांबून कळावं, तांडा आहे, फौज नाही. मग एकदा एक तरुण नाईक भ्याला. त्यानं एका सरदाराचे वीस घोडेस्वार सोबतीला घेतले. “तवापासून दुसऱ्या फौजेनं म्हनलं, ज्याचे घोडे, त्याचंच धान्य. लुटला तांडा. घोडे पळाले. बैल कुठं पळतेत?”

“पन आजा,” अंजू म्हणाली, “चोर बी होते ना? घंटी ऐकून चोर सोडायचे का?”

म्हातारा हसला. “न्हाई. चोराला घोडाच पायजे.”

“तसंच हाय तिथं. चाचे हायेत, त्यांना लढाईच्या जहाजाचं भ्याव वाटतं. आन् लढणारे हायेत, ते बघतात तुम्ही कुणासंगं चालून राहिले.” ती उठून उभी राहिली आणि आईकडे वळली. “याडी, मी नेटवर्कचं खोटं बोलले. फोन बंद ठेवायला सांगितलं होतं सगळ्यांना. आमच्या कप्तानानं मोठ्या जहाजांच्या मागं जायचं न्हाई ठरवलं. जहाजाची खूण दाखवायचं यंत्र असतं, दुनियेला दिसतं. त्यात आमच्या नावाम्होरं त्यानं लिवलं, माल गहू, खलाशी सगळे भारतीय.”

“घंटी,” धर्मा नाईक म्हणाले.

“व्हय आजा. घंटी. तिसऱ्या दिवशी शेजारच्या जहाजानं रेडिओवर मदत मागितली. माझा पहारा होता. मी ऐकलं. चार देशांच्या नौदलांनी उत्तर दिलं, पण सगळ्यांत जवळचं दोन तासांवर होतं. आलं, बराबर आलं, माणसं सगळी वाचली. पण ते दोन तास त्यांचे त्यांनाच काढावे लागले.”

केसरबाईंनी पदर तोंडाला लावला. अंजू आईजवळ जाऊन बसली. “भीती वाटली मला. पण माझं काम मला येत होतं, याडी. हात कापले न्हाईत माझे. मला जायचंय. न्हाई म्हटलं तर कुणी रागावणार न्हाई, पण मग मीच मला पुन्हा कधी व्हय म्हणणार न्हाई.”

आता सगळे नाईकांकडे बघत होते. काठी लिंबाच्या खोडाला टेकवून म्हातारा म्हणाला, “कुठं थांबायचं, कुठून वळायचं, हे म्होरच्या बैलासंगं चालनारा ठरवायचा. मागचे धूळ खात यायचे, पन ठरवायचे न्हाईत. ही रीत हाय. मोहन, आता म्होरं कोन चालून राहिलं?”

मोहनरावांनी खिशातलं पेन काढून मुलीला दिलं. वाऱ्यानं कागद फडफडायला लागला तेव्हा तोच हातानं दाबून धरला, आणि तिनं सही करेपर्यंत मान दुसरीकडे वळवून ठेवली. माझे डोळे भरून आले. मला वाटतं बऱ्याच जणांचे आले.

केसरबाई एवढंच म्हणाल्या, “त्या मोकळ्या जागेत जायच्या आदी खरं सांगायचं. मंग चार दिवस मी वाट बघीन, पन चूल पेटवून.” आणि मला म्हणाल्या, “ते झोपायचं वाक्य खोडा.”

मग माझा निवाडा. तांड्यात खोटं बोललेल्याला दंड असतो आणि तो माफ होत नाही. मी खिशाला हात लावला तसा म्हातारा वैतागला. “पैसा ठेव. तुझा दंड असा. एकदा खऱ्या समुद्रात जायचं. जिथं ही जहाजावर चढंल तिथवर. मोहन संगं येईल, बघायला. मंग लिवायचं, जसं झालं तसं.”

सगळे हसले. माझ्या हातावर गूळ ठेवला. दंड लागलेल्याला गूळ देतात, म्हणजे त्या दिवसानंतर कुणी त्याला ती गोष्ट बोलून दाखवायची नाही. फळ्यावरचं ‘कप्तानसाहेबांचे’ अंजूनं पुसलं आणि ‘काकांचे’ लिहिलं. जहाज तसंच ठेवलं.

निघताना धर्मा नाईकांनी आतून एक पितळेची घंटी आणली, घासून काळी-पिवळी झालेली, ओंजळीत मावेल एवढी. ती अंजूच्या हातात दिली. “तुझ्या खोलीच्या दाराला बांध,” म्हणाले.

मोरा

महिन्याभरानं अंजूचं जहाज मुंबईच्या बाहेर नांगर टाकून उभं राहिलं. खलाशांना घेऊन जाणारी लाँच धक्क्यावरून निघणार होती, तीत बाहेरच्या माणसाला जागा नसते. म्हणून मी मोऱ्याच्या एका ओळखीच्या कोळ्याची होडी ठरवली. मोहनराव आदल्या दिवशी आमच्याकडे आले. बायकोनं त्यांना सोड्यांचं कालवण वाढलं. त्यांनी एक घास घेतला, थोडा विचार केला आणि विचारलं, “वैनी, ठेचा हाय का?” तेव्हापासून आमच्याकडे सोड्यांचा ठेचा होतो. उरणात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

सकाळी निघालो. मोहनरावांनी समुद्र आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. मला वाटलं काहीतरी बोलतील. ते म्हणाले, “खुरपायला किती मानसं लागतील हो याला.” होडी उसळायला लागली तरी ते पाय फाकवून उभे राहिले, बैलगाडीत उभे राहावेत तसे, आणि त्यांना काहीसुद्धा झालं नाही. मला झालं. पण या वेळी मी वाऱ्याकडे पाठ केली होती. मोहनरावांनी एका हातानं माझं डोकं धरलं आणि दुसऱ्या हातानं डोळ्यांवर सावली करून समोर बघत राहिले.

जहाज एवढं मोठं असतं हे मला माहीत होतं, मी त्याची लांबी-रुंदी कागदावर हजार वेळा लिहिली होती. पण खालून पाहिलं तेव्हा ती लाल लोखंडी भिंत आभाळाला भिडली होती. लाँच तिला चिकटली. वरून दोराची शिडी सोडली होती, लाकडी पायऱ्यांची, वाऱ्यानं हलणारी. तिच्यावरून एक ठिपका वर चढायला लागला. पाठीला पिशवी. एक पायरी, दुसरी पायरी, मधे लाट आली तेव्हा थांबली, मग पुन्हा. मोहनरावांची बोटं माझ्या केसांत रुतली. ठिपका वर पोचला, कठड्यावरून आत गेला. मग कठड्यावरून एक हात हलला.

आमची होडी वळली. मोहनराव अजून तिकडेच बघत होते.

“घंटी पिशवीतच ठेवली हाय तिनं,” ते म्हणाले. “चढताना वाजली असंल. ऐकू आली का तुमाला?”

तोंड धुवून मी वर पाहिलं. या माणसाला एक गोड शब्द हवा असेल, असं मला वाटलं. इंजिनाचा धडधडाट होता, वारा होता, पाणी होतं.

“नाही मोहनराव,” मी म्हणालो. “मला नाही आली.”

त्यांच्या चेहऱ्यावर सावकाश हसू पसरलं.

“मला बी न्हाई आली,” ते म्हणाले. “बराबर. आता लिवा.”